‘मावशीच म्हणा’ : नागपुरातल्या एका समुपदेशनाचा प्रकरण अभ्यास

पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मी नाव विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मावशीच म्हणा जी. सगळे मावशीच म्हन्तात." हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर नाव होतंच. मी "बरं मावशी" म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. या प्रकरणातली माझी पहिली चूक तिथेच झाली. ती चूक होती हे कळायला मला पाच बैठका लागल्या.

ओळख कळू नये म्हणून घरचे आणि कामाचे काही तपशील मी बदलले आहेत. लिहून झाल्यावर हे सगळं मावशींना वाचून दाखवलं. एक प्रसंग त्यांनी काढायला लावला, तो काढला. पाण्याच्या माठाचा प्रसंग मी संकोचानं गाळला होता, तर त्याच म्हणाल्या, "हे घाला. हे लपवाचं काऊन?" तो घातला आहे.

मावशी ५७ वर्षांच्या. उत्तर नागपुरात इंदोऱ्याकडे राहतात, सोबत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. तीस वर्षं त्या पश्चिम नागपुरातल्या घरांमध्ये पोळ्या करतात. पडल्या तेव्हा पाच घरं हाती होती, रोजच्या साधारण १२० पोळ्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका घराच्या मागच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला. पडताना माणूस हात टेकतोच. उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. ते निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण बोटं आखडली होती, मूठ वळत नव्हती. असं बऱ्याच जणांचं होतं आणि नेटानं व्यायाम केला तर हात सुटतो. मावशी व्यायाम करत नव्हत्या. फिजिओथेरपिस्ट मुलीनं तीनदा शिकवलं, तीनदा त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. जेवण अर्ध्यावर आलं होतं, रात्री दोननंतर डोळा लागत नव्हता. चौथ्या वेळी त्या तिला म्हणाल्या, "मशीन बिघडली तं भंगारातच देतात ना." तिनं ते वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहून मावशींना माझ्याकडे पाठवलं. रांगेत चाळीस माणसं उभी असताना एका वाक्याशी थांबणाऱ्या त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

सून सोबत आली होती. इंदोरा चौकातून सीताबर्डीपर्यंत दोघी मेट्रोनं आल्या, मावशी पहिल्यांदाच बसल्या होत्या मेट्रोत. कसं वाटलं विचारलं तर म्हणाल्या, "तिकिटाचे पैसे वाया गेले हिचे."

नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी असते, २७ पैकी गुण धरतात. मावशींचे १४ आले, म्हणजे मध्यम पातळीचं नैराश्य. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर त्या म्हणाल्या, "कधी कधी वाटते, बरं झालं असतं." तिथे मी चाचणी बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, काही करून घ्यायचं मनात येतं का, काही ठरवलंय का. नाही म्हणाल्या. नातीचं नाव घेतलं. त्यांची परवानगी घेऊन हे सुनेला सांगितलं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिला लिहून दिला आणि त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, झोपेची नीट चौकशी केली आणि तीन आठवडे समुपदेशन करून मग औषधाचं ठरवू म्हणाले. पुढे औषधाची गरज पडली नाही. ही या प्रकरणाची गोष्ट आहे, सगळ्यांना लागू पडणारा नियम नव्हे. पुष्कळांना औषध लागतं आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही.

आत्मसन्मान मोजण्यासाठी १९६५ सालची रोझेनबर्ग यांची दहा विधानांची मोजपट्टी आहे, तीही मी काढली होती. "एकंदरीत मी स्वतःबद्दल समाधानी आहे," हे वाचलं. मावशींनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "स्वतःबद्दल म्हंजे कोणाबद्दल?" मी मोजपट्टी परत फाइलमध्ये ठेवली.

अकरा लाख पोळ्या

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत मी जे केलं ते आमच्यापैकी पुष्कळजण करतात. समोरचा माणूस म्हणतो, मी काही कामाची नाही. आपण त्याला त्याच्या कामांची यादी दाखवतो. मी कागद घेतला आणि हिशोब मांडला. रोज १२० पोळ्या, महिन्याचे २६ दिवस, वर्षाच्या ३७,४४०. तीस वर्षांच्या ११ लाख २३ हजार २००. मला स्वतःलाच तो आकडा पाहून भरून आलं. कागद त्यांच्यापुढे सरकवून म्हटलं, "मावशी, अकरा लाख पोळ्या! एवढ्या लोकांची पोटं भरलीत तुम्ही."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. म्हणाल्या, "अन् आता शून्य."

त्या दिवशी आणखी काही बोलणं झालं नाही. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की त्यांच्याच वहीत मी आणखी एक पान लिहून दिलं होतं. आपण जेवढं करतो तेवढीच आपली किंमत, असा त्या वहीचा कायदा. कार्ल रॉजर्स हे मानसशास्त्रज्ञ म्हणायचे की लहानपणापासून माणसाला अटी घालूनच किंमत दिली जाते आणि पुढे तो त्याच अटी स्वतःला घालायला लागतो. हे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. तरी मावशींसमोर मी त्या अटीच मोठ्यानं वाचून दाखवल्या. चालणाऱ्या हाताची बेरीज केली की न चालणाऱ्या हाताची वजाबाकी आपोआप होते.

चौथ्या बैठकीत मी काहीही सुचवायचं नाही असं ठरवलं. ऐकत बसले.

पाणी, दारू आणि वेणी

मावशींची आई १९५६ साली चौदा वर्षांची होती. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखो लोकांना दिली. त्या गर्दीत ही मुलगी बापाच्या खांद्याला धरून उभी होती. पांढरं लुगडं शेजारणीकडून मागून आणलेलं. रोज संध्याकाळी चुलीवर भात ठेवून आई त्रिशरण-पंचशील म्हणायची आणि लहानपणी मावशी तिच्यामागून. त्यांना वाचता यायच्या आधी पंचशील पाठ होतं.

एकोणिसाव्या वर्षी त्यांनी दुसऱ्या समाजातल्या मुलाशी आपल्या मर्जीनं लग्न केलं. मुलगा शहरातल्या एका कापड गिरणीत बदली कामगार. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हापासून इथल्या कितीतरी वस्त्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर जेवल्या, त्या काळाच्या अगदी शेवटाला यांचा संसार सुरू झाला. माहेर तुटलं. सासूनं घरात घेतलं, पण पहिली दोन वर्षं पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही. तहान लागली की कोणी तरी वरून ओतायचं.

"तो कामाहून आला का पयले माठाजवळ जाये," मावशी सांगत होत्या. "गिलास भरे, मले दे. मी अर्धा पेली का उरलेला माझ्याच गिलासातनं तो पिये. मायच्या समोर. बोले काहीच नाई. रोज."

हे सांगताना त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा मोकळा झालेला पाहिला. हाच माणूस गिरणी बंद पडल्यावर दारूत बुडाला. दोनदा त्यानं हात उचलला. चौदा वर्षांपूर्वी गेला. मावशींना त्याचा राग आहे आणि त्याच्यावर माया आहे, दोन्ही पूर्ण आहेत. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं ठरवून टाकायची घाई समुपदेशकाला होते. मलाही झाली, पण मी ती आवरली. मारहाण ती मारहाणच, हे मी स्पष्ट म्हटलं आणि त्याला त्यांनी मान डोलावली. पण ग्लासातलं ते अर्धं पाणीही त्यांचंच होतं, ते मी काढून घेऊ शकत नव्हते.

मग मी विचारलं, "सध्या घरात तुमचं कोण करतं?" प्रश्न साधा होता, व्यायामाच्या चौकशीतून आलेला. मावशी एकदम गप्प झाल्या. बाजूला बसलेली सून म्हणाली, "आई काही करू देत नाहीत. फक्त वेणी घालू देतात, ते पण रडत रडत."

प्लास्टर लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. डाव्या हातानं केस विंचरता येईनात. मावशींचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. सून तेलाची वाटी घेऊन मागे येऊन बसली. या दोघींचं फारसं जमत नव्हतं. सून तुमसरकडची, शिकलेली, मुलानं पसंत करून आणलेली. सासूच्या हातचं खाऊन ती भांडी घासायला उठली की सासू तिच्या हातातलं भांडं ओढून घ्यायची. घरात सासूनं तिला काही करूच दिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. तेल कोमट करून आणलं होतं. भांग पाडला, गुंता खालून सोडवत वर आली, तीन पेड घेतले. वेणी कमरेजवळ आली तसं तिला जाणवलं, सासूची पाठ हलते आहे.

"मले माझ्या मायनं वेणी घातली होती, लग्नाच्या आधी," मावशी म्हणाल्या. "त्याच्यानंतर कोणीच नाई घातली जी. अडतीस वर्षं."

"रडू का आलं?"

"मी तिच्यासाठी काहीच केलं नोतं त्या दिवशी. स्वयंपाक पन तिनंच केला होता. तरी घातली."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि त्यांना परत वाचून दाखवलं. बाकी काही बोलले नाही. अकरा लाखांच्या आकड्यानं जे झालं नव्हतं ते इथे हलायला लागलं होतं, आणि त्यात मी बोट घालू नये एवढं मला तोवर कळलं होतं. फक्त एक घरचा अभ्यास दिला. दिवसातून एकदा कोणी काही दिलं तर ते घ्यायचं, परतफेड करायची नाही. मावशींना हा अभ्यास बोटांच्या व्यायामाहून अवघड गेला. सुनेनं चहा दिला की त्यांची पावलं ओट्याकडे वळायची. शेवटी सुनेनंच युक्ती काढली. सकाळी कणीक भिजवली की लिंबाएवढा गोळा ती सासूच्या उजव्या हातात द्यायची आणि वेणी घालून होईपर्यंत तो दाबायला लावायची. त्या गोळ्याची पोळी करायची नाही, तो गायीला. फिजिओथेरपिस्टच्या स्पंजच्या चेंडूला जे जमलं नाही ते कणकेला जमलं. तीन आठवड्यांत मूठ वळली.

नाव

पाचव्या बैठकीत मी विचारलं की पंचशील अजून म्हणता का. नाही म्हणाल्या. कधीपासून? "लय वर्सं झाली." सासरी देव्हारा होता म्हणून का? नाही, तेव्हा तर मनातल्या मनात म्हणायच्या. बाबासाहेबांचा फोटो पेपरात गुंडाळून पेटीत ठेवला होता, नवरा गेल्यावर भिंतीवर लावला. मग आता काय अडतं?

"चौथ्यापाशी अडते."

चौथं शील : मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं शिक्षापद मी घेतो.

आणि मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षांपूर्वी कामाला निघाल्या तेव्हा पहिल्या घरी पूर्ण नाव विचारलं, यांनी सांगितलं, आडनावासकट. त्यांनी माहेरचंच आडनाव ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "स्वयंपाकाला आहे आमच्याकडे, तू बाहेरचं कर." बाहेरचं म्हणजे भांडी आणि अंगण. स्वयंपाकाला कोणीच नव्हतं, त्यासाठी माणूस शोधतच होते. दुसऱ्या घरी नाव विचारलं तेव्हा यांच्या तोंडून निघालं, "बाईच म्हणा जी." वय वाढलं तशी बाईची मावशी झाली. कोणी खोदून विचारलं तर सासरचं आडनाव पुढे करायच्या. त्या आडनावावर पोळपाट मिळाला. पाच घरांत रोज १२० पोळ्या आणि प्रत्येक घरात एक न सांगितलेलं नाव. संध्याकाळी घरी येऊन चौथं शील म्हणायचं कसं? म्हणून त्यांनी म्हणणंच सोडलं.

"मायनं पांढरं लुगडं मागून आणलं होतं ज्याच्यासाठी, तेच मी लपवलं," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले, कारण बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ‘मावशीच म्हणा’ हा मी नम्रपणा समजले होते. नोंदवहीत तसं लिहिलंही होतं, "नम्र, मितभाषी." संविधानाच्या १७व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नाव विचारण्याच्या सुरात ती राहिलेली आहे. तो सूर मला ऐकू आला नाही कारण तो कधी माझ्यासाठी नव्हता. त्या संध्याकाळी माझ्या घरी सहा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना मी त्यांचं नाव विचारलं. सहा वर्षांनी.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत" असं मी मावशींना सांगू शकले असते. पण श्रद्धेचा प्रश्न बाहेरच्या माणसानं सोडवून देऊ नये, असं माझं मत आहे. मी फक्त विचारलं, हे तुमच्या विहारात कोणाशी बोलता येईल का. त्यांनी एका म्हाताऱ्या उपासिकेचं नाव घेतलं. रविवारी सुनेला घेऊन गेल्या.

तिथे काय झालं ते मला सुनेकडून कळलं. मावशींनी सगळं सांगितलं. आजीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी तं अकरा वर्सं आडनावच दुसरं सांगत होती. पुरं बनवलेलं." मग दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. उठताना आजीबाईंनी शब्द समजावला. सिक्खापद म्हणजे शिकायचं पाऊल. ते एकदा घेऊन पेटीत ठेवायचं नसतं, रोज नव्यानं घ्यायचं असतं. काल चुकलं म्हणून आज घेता येत नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. त्या संध्याकाळी घरी मावशींनी पंचशील म्हटलं. नात मागून म्हणत होती.

त्यानंतर

हात पुष्कळ सुटला तसा कामाचा प्रश्न आला. दोन घरांनी दुसरी बाई लावली होती. उरलेल्या तिघांना फोन करायचं ठरलं आणि मावशींनी ठरवलं की नाव सांगायचं. मी घाई करू नका म्हटलं. रोजगाराचा प्रश्न होता आणि धैर्याची किंमत मला मोजायची नव्हती. त्यांनी ऐकलं नाही. सुनेनं फोन लावून दिला, मावशींनी पूर्ण नाव सांगितलं, "मी बोलून राहिले." एका घरी पलीकडून "कोण?" असं तीनदा आलं, मग ओळख पटल्यावर, "अहो मावशी! तुमचं नाव हे आहे होय, किती छान आहे," आणि सोमवारपासून या. दुसऱ्या घरीही या म्हणाले. तिसऱ्या घरून "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. त्याचं कारण नाव होतं की मोडलेला हात, हे सांगता येणार नाही. मावशींना त्याचं वाईट वाटलं, दोन दिवस वाटत राहिलं. त्यांनी ते मला येऊन सांगितलं आणि त्या दोन रात्री झोपल्याही.

तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ परत घेतली, ६ आले. मरणाच्या प्रश्नावर "नाही". एकूण नऊ बैठका झाल्या. पहाटे अजून कधी कधी जाग येते. थंडीत मनगट दुखतं. दोन घरांच्या मिळून पन्नासेक पोळ्या होतात, तेवढ्याच करायच्या असं त्यांनी ठरवलं आहे. पैसे कमी पडतात, मुलाची ओढाताण होते. हा प्रश्न समुपदेशनानं सुटलेला नाही.

दरवर्षी अशोक विजयादशमीला मावशी दीक्षाभूमीच्या वाटेवर वस्तीतल्या मंडळाच्या भोजनदानात पोळ्या करायला उभ्या राहायच्या. देशभरातून लाखो माणसं येतात त्या दिवशी, रस्तोरस्ती जेवण वाटलं जातं. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली नववी, सगळी माणसं समान असल्याची, त्यांच्या आईला फार आवडायची. या वर्षी हात अजून पुरता सुटला नव्हता. मंडळातल्या बायकांनी नुसतं बसायला या म्हटलं. मावशी पांढरी साडी नेसून गेल्या, नातीला घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, पत्रावळ घेतली आणि दुसऱ्यांनी वाढलेलं जेवल्या. मागे वाढायला गेल्या नाहीत.

शेवटच्या बैठकीत त्यांनी माझा फोन मागितला. "तुमच्या फोनात मी काय नावानं आहो?" मी दाखवलं : ‘पोळीवाल्या मावशी’. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, आडनावासकट, आणि मी टाइप केलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं ते दुरुस्त करायला लावलं.

परवा सुनेचा फोन आला होता, नातीच्या शाळेचं काही विचारायला. मी हाताचं विचारलं. म्हणाली, आता डोक्यापर्यंत जातो हात, केस स्वतःचे स्वतः विंचरता येतात त्यांना. तरी रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढे येऊन बसतात.